कर्नाळ्याच्या वाटेवर धर्माची ओळख

हिवाळा आला की कर्नाळ्याच्या अभयारण्यात शाळांच्या सहली येतात. मुलांना पक्षी दाखवतात, किल्ल्याचा सुळका दाखवतात, कर्णाई देवीला हात जोडायला लावतात आणि बस परत फिरते. मला वाटतं, प्राथमिक शाळेतल्या मुलांना धर्म म्हणजे काय हे दाखवायचं असेल, तर कर्नाळ्याभोवतीचा पनवेल ते पेण हा टापू फार मोलाचा आहे.

विषय निघाला की शिक्षक आधी कायद्याला बिचकतात. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतही, धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त खासगी शाळेत ते दिलं जात असेल, तर मुलाला त्यात बसवायला पालकांची संमती लागते. मात्र एखाद्या धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि सगळ्या धर्मांची ओळख करून देणं वेगळं, हा फरक कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात केला होता. अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही २००२ मध्ये धर्मांच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नाही, असा निर्वाळा दिला. आपल्या मूल्यशिक्षणात सर्वधर्मसहिष्णुता आहेच. पण परिपाठात तो शब्द फळ्यावर लिहिला जातो आणि पुसला जातो.

सात-आठ वर्षांच्या मुलाला शब्दापेक्षा गोष्ट लवकर कळते. पनवेलमध्ये बेने इस्रायली ज्यूंचं १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉग आहे. रायगडच्या गावांतून हे लोक पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. पेणकर, रोहेकर, केहिमकर ही त्यांची आडनावं इथल्याच गावांवरून आलेली. बोली मराठी, प्रार्थना हिब्रू. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हरिकीर्तनाच्या धर्तीवर बायबलमधल्या कथांची मराठी कीर्तनंही रचली. शनिवारी घाणा का बंद असायचा, एवढा एकच प्रश्न वर्गात टाकून बघावा. मग कुणी शुक्रवारच्या नमाजाबद्दल सांगेल, कुणी रविवारच्या प्रार्थनेबद्दल, कुणी आजीच्या एकादशीबद्दल. कातकरी-ठाकर वाड्यांवरच्या मुलांना तर आवर्जून बोलतं करावं, कारण त्यांचे देव पुस्तकात क्वचितच भेटतात.

कर्नाळ्याच्या पुढे पेण तालुक्यात गागोदं लागतं. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे तिथे जन्मले. संस्कृत न येणाऱ्या आईला गीता कळावी, या ओढीतून पुढे त्यांची ‘गीताई’ झाली. पण ते गीतेपाशी थांबले नाहीत. कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबी शिकले, कुराणाचं आणि ख्रिस्तधर्माचं सार काढलं, धम्मपदाची नवी मांडणी केली. स्वतःच्या धर्मात घट्ट पाय रोवलेला माणूस दुसऱ्याच्या धर्माकडे इतक्या आदरानं जाऊ शकतो, हे मुलांना सांगायला याहून जवळचं उदाहरण कुठलं?

गांधीजींनी वर्धा शिक्षण योजनेतून धर्मशिक्षण वगळलं, याचा दाखला नेहमी दिला जातो. धर्म ज्या रीतीनं शिकवले जात होते त्यातून तंटेच वाढतील, अशी भीती त्यांना होती हे खरं. पण सर्व धर्मांना समान असलेली सत्यं प्रत्येक मुलाला शिकवावीत, असंही ते म्हणत. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो.

प्राथमिक वर्गात कोणता धर्म खरा, हा प्रश्न काढूच नये. कुणालाही दुसऱ्याची पूजा किंवा प्रार्थना करायला लावू नये, आणि वर्गात एकट्या पडलेल्या मुलाला त्याच्या सगळ्या समाजाच्या वतीनं उत्तरं द्यायला उभं करू नये. सण, जेवण, नावं, उपास, प्रार्थनेची जागा यांच्याबद्दल बोलावं. चौथीपर्यंत तेवढं पुरे.

शिक्षकांना विनंती आहे, यंदा कर्नाळ्याची सहल ठरवताना पनवेलसाठी एक तास राखून ठेवा. सिनेगॉगच्या विश्वस्तांची परवानगी आधी घ्या, आणि मुलं कुठे जाणार, काय बघणार, हे पालकांना चिठ्ठीत स्पष्ट लिहून कळवा.