अमरावतीचा परकोट

वऱ्हाडातील अमरावती शहराच्या जुन्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटसरूला वाटेत एक उंच दगडी दरवाजा लागतो. दरवाजाच्या दोन्ही अंगांना भक्कम तट आहे. या तटाला अमरावतीकर परकोट असे म्हणतात. आज त्या दरवाजातून माणसांची व वाहनांची वर्दळ अखंड चालू असते. तो बंद करावा असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु एके काळी रात्र पडली म्हणजे हे दरवाजे बंद होत असत आणि सारे गाव आत सुरक्षितपणे झोपी जात असे. गावाला असे कोंडून घेण्याची पाळी का आली असावी?

१८०३ सालच्या देवगावच्या तहानंतर वऱ्हाडावर निजामाची सत्ता आली. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. पेंढाऱ्यांच्या टोळ्या घोड्यांवरून अचानक येत, गावे लुटीत, घरे जाळीत आणि वाऱ्याच्या वेगाने निघून जात. अमरावती ही त्या वेळी संपन्न बाजारपेठ होती. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस येथे विकावयास येई. सावकार, दलाल व व्यापारी यांची येथे दाट वस्ती होती. जेथे संपत्ती, तेथे लुटारूंची दृष्टी! म्हणून या पेठेच्या रक्षणासाठी निजाम सरकारने १८०७ साली परकोटाचे काम हाती घेतले.

हा परकोट सुमारे सव्वादोन मैल लांबीचा, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून थोडा अधिक आहे. त्याची उंची वीस ते सव्वीस फूट आहे. त्याला पाच दरवाजे व चार खिडक्या ठेवण्यात आल्या. खिडकी म्हणजे घराची खिडकी नव्हे. तटातून जाण्यायेण्यासाठी ठेवलेले लहान दार, असा येथे त्याचा अर्थ आहे. दरवाजांची नावे अर्थपूर्ण आहेत. नागपूरच्या वाटेवरचा तो नागपुरी दरवाजा, खोलापूर गावाच्या वाटेवरचा तो खोलापुरी आणि अंबादेवीच्या देवळाकडे जाणारा तो अंबा दरवाजा. महाजनपुरी व भुसारी हे उरलेले दोन दरवाजे होत. भुसारी दरवाजाला पुढे जवाहर दरवाजा हे नाव मिळाले. पटेल, माता, छत्रपुरी व खुनारी अशी खिडक्यांची नावे आहेत.

परकोटाच्या आत बुधवारा, सराफा, साबणपुरा यांसारखे मोहल्ले नांदू लागले. अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून बांधलेली घरे आणि घरापुढचे ओटे असे या वस्तीचे रूप होते. आगगाडी नसलेल्या त्या काळी येथील कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. शेकडो मैलांचा हा प्रवास पुरा होण्यास कित्येक आठवडे लागत. कापसाच्या या व्यापारावर एकट्या व्यापाऱ्याचेच नव्हे, तर हमाल, पिंजारी व बैल हाकणारे अशा अनेकांचे पोट चालत असे. एकाचे काम दुसऱ्यावाचून अडे. परकोटाच्या आतील समाज अशा परस्परांच्या गरजेने बांधला गेला होता.

तरीही केवळ तट बांधल्याने शांतता नांदते असे नाही. १८१८ साली एका खिडकीजवळ मोठी झटापट झाली आणि तीत सुमारे सातशे माणसे मारली गेली, असे सांगतात. तीच ती खुनारी खिडकी. दगडी तट लुटारूंना थोपवू शकतो. परंतु माणसांच्या मनातील वैर त्याला थोपविता येत नाही, याची साक्ष ही खिडकी देते.

पुढे काळ पालटला. पेंढाऱ्यांचा बीमोड झाला. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६७ साली बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत लोहमार्ग झाला. कापूस आता आगगाडीने मुंबईस जाऊ लागला. शहर परकोटाबाहेर पसरले. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले व देशाच्या दूरदूरच्या प्रांतांतून प्रतिनिधी आले. १९१४ साली वैद्य बंधूंनी येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. एके काळी भयाने दारे लावून बसणारे गाव आता जगाच्या अंगणात उतरले होते.

परंतु एक दार अद्याप बंद होते. अंबा दरवाजाबाहेर अंबादेवीचे व एकवीरादेवीचे अशी दोन प्रसिद्ध देवळे आहेत. नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना मात्र अंबादेवीच्या देवळात प्रवेश नव्हता. जे लोक याच शहरात राबत होते, त्यांनाच देवीच्या दारातून माघारी फिरावे लागे. या अन्यायाविरुद्ध १९२७ साली चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्यात पुढाकाराने उतरले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबर रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. देवळाचे दार काही लगेच उघडले नाही. परंतु ‘हे दार कोणासाठी आहे?’ हा प्रश्न सर्वांपुढे उघडपणे मांडला गेला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले आणि या प्रश्नाला देशाचे उत्तर मिळाले.

परकोट बांधण्यास दगड, चुना व कारागीर यांची गरज लागली. मनातील परकोट पाडण्यास मात्र धैर्य व न्यायबुद्धी यांची गरज लागली. आज परकोटाचे दरवाजे उघडे आहेत. त्यांतून शाळेला जाणारी मुले, भाजीच्या गाड्या आणि देवीच्या दर्शनाला निघालेले भाविक येतात जातात. तट गावाचे रक्षण करतो; पण गावाला गावपण येते ते सर्वांसाठी उघडलेल्या दारांनी, हेच हे जुने दरवाजे सांगत उभे आहेत.