फुटबॉलमधील दुखापती : उपचार, पुनर्वसन आणि प्रतिबंधाचे अर्थकारण

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांच्या अभिमानाचा विषय आहे. पाटाकडील, दिलबहार यांसारख्या तालीम मंडळांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर मोठी गर्दी लोटते. याच शहरातील अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशातर्फे खेळला. मात्र तालमींकडून खेळणारे बहुसंख्य तरुण शिक्षण वा नोकरी सांभाळून मैदानात उतरतात. त्यांच्या दृष्टीने गुडघ्याची दुखापत म्हणजे हंगामाबरोबरच रोजगाराचीही हानी होय.

दुखापतींचे स्वरूप

फुटबॉलमधील बहुतांश दुखापती पायांना होतात. पाऊल आत वळून घोटा मुरगळल्यास त्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. वेगाने धावताना मांडीच्या मागील स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला इजा होते. चेंडू जोराने मारताना व दिशा बदलताना जांघेचे स्नायू दुखावतात. सर्वांत गंभीर दुखापत गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाची (एसीएल). ती पुष्कळदा धडकेने नव्हे, तर पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर एकाएकी वळल्याने किंवा उडीनंतर चुकीच्या पद्धतीने पाय टेकल्याने होते. मुलींमध्ये तिची जोखीम मुलांच्या दोन ते तीन पट असते.

पुनर्वसनाचे महत्त्व

दुखापतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस मालीश व शेक टाळावा. अवयवाला आधार द्यावा, पट्टी बांधावी व तो उंचावर ठेवावा. त्यानंतर प्रदीर्घ विश्रांतीऐवजी भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने भार वाढवणे हितावह ठरते. वेदना थांबली म्हणजे खेळाडू तंदुरुस्त झाला, असे नाही. स्नायूंचे बळ व तोल पूर्ववत होण्यापूर्वी खेळल्यास तीच दुखापत पुन्हा होण्याचा धोका वाढतो. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास साधारणतः किमान नऊ महिने लागतात.

धोरणातील दरी

येथेच आर्थिक प्रश्न उद्भवतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास रुग्णालयीन उपचारांसाठी वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. तथापि बाह्यरुग्ण सेवा त्यात नाही आणि रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरच्या सेवेची मर्यादा १५ दिवसांची आहे. परिणामी शस्त्रक्रियेचा खर्च भागला, तरी पुढील अनेक महिन्यांच्या भौतिकोपचाराचा भार कुटुंबावरच पडू शकतो. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने भौतिकोपचार व्यवसायास वैधानिक चौकट दिली; ही सेवा परवडण्याजोगी होणे मात्र बाकी आहे.

प्रतिबंध : अल्प खर्चाची गुंतवणूक

फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने २००६ मध्ये ‘११ प्लस’ हा सराव कार्यक्रम विकसित केला. त्यात संथ धावणे; बळ, उडी व तोल; वेगवान धावणे अशा तीन भागांत १५ व्यायाम असून त्यांना सुमारे २० मिनिटे लागतात. नॉर्वेतील १३ ते १७ वयोगटातील मुलींवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सरावामुळे गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने घटल्याचे दिसले. या सरावाला महागडी साधने लागत नाहीत. लागतो तो प्रशिक्षित मार्गदर्शक आणि नियमितपणा.

कोल्हापूरच्या पेठा असोत वा भिलाईजवळील चरोद्यासारखी रेल्वे वसाहत, शाळांच्या क्रीडा शिक्षकांना हे प्रशिक्षण देणे सहज शक्य आहे. क्रीडा विकासाचे मोजमाप मैदाने व पदके यांपुरते न ठेवता, किती खेळाडू धडधाकट राहिले याचाही हिशेब त्यात धरला पाहिजे.