लिहून झालेली मैत्री

मागच्या व्याख्यानात ॲरिस्टॉटलचा मैत्रीविचार झाला. त्यानंतर इथल्याच, म्हणजे इंदिरानगरच्या, एका आईने विचारलं, "सर, माझा मुलगा स्वमग्न आहे. कॉलेजात त्याला एकही मित्र नाही, पण मोबाइलवर तिघं-चौघं आहेत म्हणतो. त्यांना तो कधी भेटलेलाही नाही. ही मैत्री म्हणायची का? की मोबाइलच काढून घेऊ?" मोबाइल काढून घ्यायच्या आधी या प्रश्नाचा विचार झालेला बरा, म्हणून आजचा विषय हा.

आधी शब्दाचा घोळ. ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने ग्रीक 'आउटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून 'ऑटिझम' हा शब्द घडवला. १९४३ साली लिओ कॅनर यांनी तो लहान मुलांच्या एका विशिष्ट स्थितीसाठी वापरला. मराठीत 'स्वमग्नता' झाली. शब्द सुरेख आहे, पण फसवा. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वतःतच बुडालेला, याला दुसरं कुणी नकोच आहे. तसं नसतं. बऱ्याच स्वमग्न व्यक्तींना मित्र हवे असतात. त्यांचं अडतं ते मैत्रीच्या दारातच.

हे दार कसं असतं ते संध्याकाळी आपल्या जॉगिंग ट्रॅकवर पाहावं. "काय, झालं का जेवण?" यात जेवणाची चौकशी कुठे असते? मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच दाखवलं, की असं बोलणं माहितीसाठी नसतं, नातं राखण्यासाठी असतं. स्वमग्न मुलगा मात्र प्रश्नाला प्रश्न समजून उत्तर देतो, "हो, पावणेआठला. वांग्याची भाजी होती." आपण हसतो. पुन्हा समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं, आवाजातली खोच ओळखायची, चौघं एकदम बोलतात त्यातून आपली पाळी शोधायची, आणि मागे गाड्यांचे हॉर्न. लिहिताना यातलं पुष्कळसं गळून पडतं. मजकूर पुन्हा वाचता येतो, उत्तराला वेळ घेता येतो, कुणी चेहरा वाचत नसतं.

इथे डेमियन मिल्टन यांचा विचार महत्त्वाचा. ते समाजशास्त्रज्ञ आहेत आणि स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ साली त्यांनी मांडलं, की न समजणं हे दुहेरी असतं. स्वमग्न माणसाला इतर जण कळत नाहीत, तसाच इतरांनाही तो कळत नाही. दोष मात्र एकाच्याच पदरात टाकला जातो. तर्काच्या दृष्टीने हे उघड आहे. संवाद दोघांत होतो, तर तो फसण्याचं कारण एकट्यात कसं शोधायचं? म्हणूनच स्वमग्न व्यक्तींना दुसरी स्वमग्न व्यक्ती भेटली की पुष्कळदा हायसं वाटतं. पण आपल्या गल्लीत अशी दुसरी व्यक्ती असेलच असं नाही. ऑनलाइन जगाचा खरा उपयोग इथे आहे.

पण न भेटता मैत्री? मराठी वाचकाने तरी हे विचारू नये. धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी माणसांच्या गर्दीपासून लांब असत. सुनीताबाई देशपांडे यांच्याशी त्यांचा स्नेह वाढला तो मुख्यतः पत्रांतून. जी.एं.च्या निवडक पत्रांचे खंड निघाले, सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी.ए.' या नावाने आली. (जी.ए. स्वमग्न होते असं आम्हाला सुचवायचं नाही. मेलेल्या माणसाचं निदान करण्याची हल्लीची हौस आम्हाला पसंत नाही.) त्या मैत्रीला कुणी खोटी म्हणालेलं नाही. आणि ॲरिस्टॉटल? मित्रांनी एकत्र जगावं असंच तो म्हणतो. पण गुरं एका कुरणात चरतात तसं एकत्र असणं त्याला अभिप्रेत नाही. बोलणं आणि विचार यांत भागीदार होणं म्हणजे माणसांचा सहवास. या कसोटीवर त्या मुलाचे तिघं-चौघं मित्र ठरू शकतात. मग मोबाइल काढून घेणं म्हणजे त्याचे होते तेवढे मित्र तोडणं.

सुरुवात 'मित्र हवेत' या इच्छेपासून करण्यापेक्षा विषयापासून करावी. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांचं वेड असेल तर पक्षीनिरीक्षकांच्या गटात जावं. रेल्वेची वेळापत्रकं पाठ असतील तर तीही ज्यांना गोड लागतात अशी माणसं आहेत. घरच्यांना जे 'तेच तेच' वाटतं, ते तिथे भांडवल असतं. उत्तर आलं नाही की मन खात बसतं, तेव्हा तर्क लढवण्यापेक्षा सरळ विचारावं, "रागावलास का, की कामात आहेस?" आणि आपलंही सांगून टाकावं, "मला टोमणे कळत नाहीत, स्पष्ट लिही."

धोका आहेच. शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याला फसवणं सोपं असतं. म्हणून नियमही शब्दशः हवा. पैसे, ओटीपी, खाजगी फोटो यांतलं काहीही मागितलं की उत्तर 'नाही', आणि ते घरात एका माणसाला सांगायचं. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची. घरच्यांनीही ऐकताना आरडाओरडा करू नये, नाहीतर पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही.

प्रत्यक्ष भेट हा पुढचा टप्पा आहे असं समजू नका. काहींना ती कधीच नको असते. हवी असेल तर दिवसा, चार लोक असतील पण गोंगाट नसेल अशा जागी, घरी सांगून. आणि संपायची वेळही आधी ठरवावी. "पाचला भेटू, सहाला निघू" हे आपल्याला तुसडं वाटतं; पण तेवढं ठरलेलं असलं म्हणजेच काहींना घरातून निघणं जमतं.