अठराशे ली : ह्युएनत्संगचे कोडे आणि चांद्याचा दावा

लपवलेल्या पेट्या शोधण्याच्या जिओकॅशिंग या खेळात साध्या पेटीचे अक्षांश-रेखांश थेट दिलेले असतात. कोड्याच्या पेटीचे ते कोडे सोडवून, कधी जुन्या ग्रंथातून किंवा नकाशातून, शोधून काढावे लागतात. हा खेळ मे २००० मध्ये अमेरिकेत सुरू झाला. ग्रंथातल्या खुणांवरून जागा ठरवण्याचा उद्योग भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. त्यातले एक मोठे कोडे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांशी जोडलेले आहे : चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगने सातव्या शतकात पाहिलेली कोसल देशाची राजधानी कोठे होती?

ह्युएनत्संगने या राजधानीचे नाव दिलेले नाही, खुणा दिल्या आहेत. कलिंगातून वायव्येला डोंगर-जंगलांतून सुमारे १,८०० ली (चिनी अंतरमाप) गेल्यावर कोसल लागतो. राजधानीचा घेर ४० ली. देशात शंभरेक संघाराम (बौद्ध मठ) आणि दहा हजारांच्या आतबाहेर भिक्खू. तिथून दक्षिणेला घनदाट अरण्यातून ९०० ली गेले की आंध्र देश येतो.

कोसलाच्या याच वर्णनात त्याने बौद्ध आचार्य नागार्जुन आणि त्याचा भावी शिष्य देव यांच्या भेटीची कथा सांगितली आहे. देव वाद घालायला दाराशी आला, तेव्हा नागार्जुनाने काही न बोलता पाण्याने काठोकाठ भरलेले पात्र बाहेर पाठवले. देवाने त्यात एक सुई सोडली. पाणी म्हणजे गुरूचे सर्वव्यापी ज्ञान आणि त्याच्या तळाशी जाणारी सुई म्हणजे शिष्याची बुद्धी. दोघांची ओळख पटायला एवढे पुरे झाले. खूण वाचता येणारा माणूसच आत जातो, हे सांगणारी ही कथा नेमक्या या कोड्याच्या पोटात सापडावी, हा सुंदर योग आहे.

कोडे सोडवताना सगळा भार ‘ली’ या मापावर पडला. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७१ च्या भारताच्या प्राचीन भूगोलावरील ग्रंथात कलिंगाची राजधानी राजमहेंद्री मानली. एका मैलाला सहा ली धरले की १,८०० ली म्हणजे ३०० मैल. त्यांच्या हिशेबाने राजमहेंद्रीच्या वायव्येला सुमारे २९० मैलांवर चांदा (आजचे चंद्रपूर) येते, म्हणून त्यांनी कौल चांद्याला दिला. मैलाला पाचच ली धरले तर अंतर ३६० मैल होते आणि राजधानी नागपूर-अमरावतीकडे सरकते. वास्तुकलेचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी माप सहा लींचेच ठेवले, पण वैरागड आणि भांदक ही दोन नावे पुढे करून वैरागडला पसंती दिली.

तिन्ही दाव्यांचे वजन सारखे नाही. चंद्रपूरचा कोट गोंड राजांचा, म्हणजे ह्युएनत्संगनंतर कित्येक शतकांचा आहे. त्यावरून सातव्या शतकातली राजधानी सिद्ध होत नाही. आरमोरी तालुक्यातल्या वैरागडची ख्याती हिऱ्यांच्या खाणींची. भांदकच्या, म्हणजे आजच्या भद्रावतीच्या विजासन टेकडीत मात्र बौद्ध लेणी आहेत. डोंगरात खोल कोरलेल्या लांब दालनांच्या शेवटी बुद्धाची बैठी मूर्ती दिसते. या तिघांत भांदकचा पुरावा सर्वांत बोलका आहे.

विसाव्या शतकात चौथे नाव पुढे आले : छत्तीसगडमध्ये महानदीकाठी वसलेले सिरपूर, म्हणजे प्राचीन श्रीपूर. १९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या उत्खननात तिथे बौद्ध विहार उघडे झाले. आनंदप्रभ या भिक्खूने महाशिवगुप्त बालार्जुन राजाच्या काळात बांधलेला विहार त्यांतलाच. आज बहुतेक अभ्यासकांचा कल सिरपूरकडे आहे.

तरीही ग्रंथातले आकडे सिरपूरला पुरते जुळत नाहीत. राजमहेंद्री ते सिरपूर सरळ अंतर सुमारे ४८० किलोमीटर, म्हणजे ३०० मैल, हे तंतोतंत बसते. पण दिशा वायव्य नसून जवळजवळ थेट उत्तर आहे. आरंभ कलिंगपट्टणमच्या बाजूला धरला तर दिशा जुळते आणि अंतर तोकडे पडते. आंध्राची खूण ताळा म्हणून लावली तर अडचण वाढते. ९०० ली म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. आंध्राची राजधानी वेंगी मानली, तर ती सिरपूरपासून ५०० किलोमीटरहून अधिक आणि चंद्रपूरपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. तीच वरंगळच्या परिसरात मानली, तर चंद्रपूरपासूनचे अंतर सुमारे २२० किलोमीटर भरते आणि मधले अरण्यही वर्णनात बसते.

म्हणून चांदा-भांदकचा दावा निव्वळ चूक म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. उत्खननाचा पुरावा सिरपूरच्या बाजूने आहे, दक्षिणेकडच्या अंतराचा ताळा चंद्रपूरच्या बाजूने. ह्युएनत्संग कलिंगातल्या नेमक्या कोणत्या नगरातून निघाला आणि आंध्रातल्या कोणत्या नगरात पोहोचला, ही दोन टोके पक्की झाल्याखेरीज मधली राजधानी नकाशावर पक्की होणार नाही.