अग्निवीर भरती : जुन्नर-आंबेगावच्या पोरांनो, फॉर्म भरण्याआधी हे वाचा

जुन्नर : 'आता प्रत्येक घरातून एकाला मिलिटरीत जावंच लागणार का?' हा प्रश्न पारावर अधूनमधून निघतोच. आधी त्याचं उत्तर. नाही. आपल्या देशात सक्तीची लष्करी सेवा नाही. सैन्यात जाणारा प्रत्येक जण स्वतःहून अर्ज करतो. शिपाई म्हणून जायचं असेल तर आता मुख्य रस्ता अग्निवीर. ही अग्निपथ योजना केंद्र सरकारने १४ जून २०२२ रोजी जाहीर केली. तिचे नियम नीट माहीत नसल्याने दम असलेली पोरंसुद्धा कागदावर मार खातात. म्हणून ही माहिती.

वय आणि शिक्षण

किमान वय साडेसतरा वर्षे. कमाल वयासाठी मित्राचं ऐकू नका, त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेल्या जन्मतारखा बघा. उमेदवार अविवाहित हवा आणि चार वर्षांच्या सेवेत लग्न करता येत नाही. घरात सोयरीक बघायला सुरुवात झाली असेल तर आई-वडिलांनी हे आधीच लक्षात घ्यावं. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची सहीही लागते.

जनरल ड्युटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ गुण लागतात. क्लार्क पदासाठी बारावीला ६० टक्के, टेक्निकलसाठी बारावी सायन्सला ५० टक्के. ट्रेड्समनच्या काही कामांना आठवी पासही चालतो.

आधी परीक्षा, मग मैदान

पूर्वी थेट मैदानावर जाऊन पळायचं असे. २०२३ पासून हा क्रम उलटा झाला. आधी joinindianarmy ऐवजी कुठल्याही भलत्या लिंकवर न जाता 'जॉइन इंडियन आर्मी' या लष्कराच्या अधिकृत संकेतस्थळावरच नोंदणी करायची. मग संगणकावर परीक्षा, आणि त्यात पास झालेल्यांनाच मैदानावर बोलावणं. जनरल ड्युटीच्या पेपरला ५० प्रश्न आणि १०० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे ठोकू नका. २०२५ पासून हा पेपर मराठीतूनही देता येतो. त्या वर्षी उमेदवाराला परीक्षा शुल्क २५० रुपये होतं.

मैदानावर १६०० मीटर धावणं. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण. बीमवर दहा पुल-अप्स मारले तर ४० गुण. शिवाय नऊ फुटी खड्डा ओलांडणं आणि झिगझॅग बॅलन्स, यात फक्त पास व्हायचं असतं. आपल्या भागासाठी जनरल ड्युटीला उंची १६८ सेंमी. छाती ७७ सेंमी आणि फुगवून ५ सेंमी जास्त. मान्यताप्राप्त आदिवासी भागातील उमेदवारांना उंचीत सवलत असते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या पोरांनी ही अट जाहिरातीत आवर्जून वाचावी. अंगावरच्या गोंदणाचेही नियम आहेत. कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंतचं आणि तळहाताच्या मागचं गोंदण चालतं. आदिवासी समाजाच्या प्रथेनुसार असलेल्या गोंदणाला वेगळी सूट आहे.

कागदपत्रं : इथेच घोळ होतो

दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव, आई-वडिलांचं नाव आणि जन्मतारीख जशी आहे, अगदी तशीच फॉर्ममध्ये आणि आधारवर हवी. दहावीवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांच्या नावात एखादं अक्षर कमी, असं असेल तर नोंदणी उघडायच्या आधीच आधार दुरुस्त करून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो.

डोमिसाईल आणि जातीच्या दाखल्याचा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. जुन्नरकरांसाठी तहसील कार्यालय जुन्नरला, आंबेगावकरांसाठी घोडेगावला. सरपंचांकडून फोटोसह चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला घ्यावा. हे दोन्ही सहा महिन्यांच्या आतले असावेत. शाळेचा चारित्र्य दाखला, मूळ गुणपत्रिका, प्रतिज्ञापत्र आणि अलीकडचे फोटोही लागतात. एनसीसीचं प्रमाणपत्र असेल तर जोडा, त्याचे जादा गुण मिळतात.

पैशाचा हिशोब

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात. चार वर्षांत तुमचे साधारण ५ लाख २ हजार जमा होतात, तेवढेच सरकार घालतं. व्याजासह ही रक्कम सुमारे ११ लाख ७१ हजार धरली आहे. सेवेत ४८ लाखांचं विमा संरक्षण असतं. पण चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम केलं जातं. बाकीच्यांना पेन्शन नाही. म्हणून चार वर्षांनंतर काय करायचं, याचा विचार घरात बसून आजच करा.

दोन गोष्टी जिवाच्या

एक, आपला भाग बिबट्यांचा आहे. अंधारात उसाच्या कडेने एकट्याने पळू नका. उजाडल्यावर आणि चार-पाच जण मिळून पळा. वेळ सुधारावी म्हणून कुणी गोळी किंवा इंजेक्शन देत असेल तर घेऊ नका. भरतीत उत्तेजकांना बंदी आहे आणि शरीराचं नुकसान होतं ते वेगळंच.

दुसरं, 'माझी वर ओळख आहे, दोन लाख द्या, काम होईल' असं म्हणणारा एजंट फसवतोच. निवड गुणांवर, मैदानावर आणि वैद्यकीय तपासणीवर होते. शेत गहाण टाकून त्याला पैसे देऊ नका. कुणी मागितलेच तर पोलीस ठाण्यात तक्रार करा.

नोंदणीच्या तारखा दरवर्षी बदलतात. शेवटच्या दिवशी नेटवर्क आणि सर्व्हर दोन्ही दगा देतात. कागद आजच एका फाईलमध्ये लावून ठेवा, आणि ही माहिती गावातल्या पळणाऱ्या पोरांपर्यंत पोहोचवा.