गाडीचं ॲव्हरेज पडलंय? आधी मोजा, मग गॅरेजला जा



आज पिकाचा सल्ला नाही, पण विषय खर्चाचाच आहे. प्लॉट बघायला गेलं की बांधावर एक तक्रार हमखास ऐकू येते: "गाडी आधी साठचं ॲव्हरेज द्यायची, आता पंचेचाळीसवर आली." हिशोब करून बघा. महिन्याला 900 किलोमीटर फिरणं असेल तर साठच्या ॲव्हरेजला 15 लिटर लागतात, पंचेचाळीसला 20. पेट्रोल 105 रुपये धरलं तर महिन्याला 525 आणि वर्षाला 6,300 रुपये जादा. पीक खर्चाच्या वहीत हा आकडा कुणी लिहीत नाही, पण जातो आपल्याच खिशातून.

पान पिवळं पडलं म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. पाणी साचलंय का, मूळ कुजलंय का, ते आधी बघतो. गाडीचंही तसंच करा. स्वस्त आणि सोप्या कारणापासून सुरुवात करा.

*1) आधी नीट मोजा*
"रिझर्व्हला लागली, शंभराचं टाकलं" असं मोजमाप धरू नका. गाडी मेन स्टँडवर लावून टाकी फुल करा, मीटरचा आकडा लिहा. किमान 200 ते 300 किलोमीटर चालवून त्याच पंपावर तशीच फुल करा. फिरलेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा बसलेले लिटर, हे खरं ॲव्हरेज. त्या दिवसांत मागे 45 किलोची युरियाची गोणी किंवा दुधाचे कॅन रोज असतील, चिखलाच्या पाणंदीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर जाणं असेल, तर ॲव्हरेज कमी येणारच. तो गाडीचा दोष नाही. वजनाच्या दिवसांची तुलना वजनाच्याच दिवसांशी करा.

*2) चाकं हाताने फिरवा*
हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना तपासा. बऱ्याच 100-125 सीसी गाड्यांना पुढे 25 आणि मागे एकट्यासाठी 28 च्या आसपास हवा लागते. मागे माणूस किंवा ओझं असेल तर जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मग मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये मागचं चाक फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. अर्ध्या फेरीत अडलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन जास्त टाइट आहे. घासणारा ब्रेक पेट्रोल तर खातोच, पण ड्रम तापून उतारावर ब्रेक कमी लागतो. हे काम उद्यावर ढकलू नका. चेनला मधोमध साधारण 25 ते 30 मिलिमीटर ढील ठेवा, चिखल काढून ऑइल द्या.

*3) एअर फिल्टर आणि प्लग*
आपल्या धुळीच्या रस्त्यांवर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून, ऑइल लावून पिळून बसवा. कागदी तेलकट फिल्टरला हवा मारू नका, बदला. प्लग काढून टोक बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जादा जातंय किंवा हवा कमी पडतेय. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक अर्धवट ओढलेला राहिला नाही ना, हेही बघा.

*4) क्लच आणि ऑइल*
चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही, असं होत असेल तर क्लच घसरतोय. क्लचच्या दांडीला थोडी ढील आहे का बघा आणि चालवताना हात सतत त्यावर ठेवू नका. घरात ट्रॅक्टरचं ऑइल उरलंय म्हणून गाडीत ओतू नका. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच टाका.

*5) "इथेनॉलमुळेच झालं" का?*
आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच उसापासून आणि मक्यापासून केलेलं. त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे थोडी घट खरी आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात या इंधनासाठी न बनवलेल्या दुचाकींना 3 ते 4 टक्के घट धरली आहे. म्हणजे साठचे अठ्ठावन्न. साठचे पंचेचाळीस झाले तर ती 25 टक्के घट आहे, तिचं कारण दुसरीकडे शोधा. मात्र इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं असेल तर पावसाळ्याआधी बदला.

*6) गॅरेजला कधी?*
टाकीखाली पेट्रोल टपकत असेल, सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल किंवा मीटरवर इंजिनचा दिवा पेटून राहत असेल तर थेट गॅरेज. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांमध्ये सहसा कार्बोरेटर नसतो, इंजेक्शन असतं. तिथे अंदाजाने काही फिरवता येत नाही, मशीन लावूनच दोष कळतो. जुन्या गाडीत "स्क्रू आवळून ॲव्हरेज वाढवून देतो" असं कुणी म्हटलं तर प्रमाणाबाहेर करू देऊ नका. पेट्रोल फार कमी झालं की इंजिन तापतं आणि वाचवलेले पैसे कामाच्या बिलात जातात.

शेवटचं: एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि पुन्हा एक टाकी मोजा. सगळं एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळत नाही, पुढच्या वेळी पुन्हा सगळ्याचे पैसे जातात. टाकी फुल कराल तेव्हा मोबाईलमध्ये मीटरच्या आकड्याचा फोटो आणि किती लिटर बसलं ते ठेवा. गॅरेजवाल्याला "कमी देते" सांगण्यापेक्षा "साठची बावन्न झाली, चाक मोकळं आहे, फिल्टर नवा आहे" असं सांगितलं तर काम लवकर होतं आणि नको ते पार्ट बदलले जात नाहीत.

आपला,
कृषी सल्लागार