नरनाळ्याचा महाकाली दरवाजा आणि फतहउल्ला इमादुल्मुल्क

अकोला जिल्ह्यात, अकोटच्या उत्तरेस सातपुड्याच्या तीन हजार फुटांहून उंच सोंडेवर वसलेल्या नरनाळा किल्ल्याची वाट पायथ्याच्या शहानूर गावावरून रानातून चढत चढत जेव्हा महाकाली दरवाजापाशी येते, तेव्हा पांढऱ्या वालुकाश्मात कोरलेली कमळे, दगडी जाळ्यांचे पुढे झुकलेले सज्जे आणि अरबी अक्षरांच्या रेखीव ओळी पाहून, हे काम केवळ शत्रूस अडविण्यासाठी झाले असे कोणासही म्हणवत नाही. वरच्या नऊगजी तोफेच्या ओढीने पुष्कळ प्रवासी येथे क्षणभरही रेंगाळत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण वऱ्हाडच्या स्वतंत्र राज्याची पूर्वपीठिका या कमानीवर कोरलेली आहे.

दरवाजा 1487 चा. शिलालेखात सार्वभौम म्हणून नाव आहे ते बहमनी सुलतान शहाबुद्दीन महमूदशहाचे. परंतु बहमनी वजीर महमूद गावानचा 1481 मध्ये शिरच्छेद झाल्यापासून बिदरच्या तख्ताचा दरारा ओसरत चालला होता, आणि वऱ्हाडात खरा अंमल होता तो सुभेदार फतहउल्ला इमादुल्मुल्क याचा. फिरिश्त्याच्या तवारिखेप्रमाणे हा विजयनगरच्या मुलखातील कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत बालपणीच कैद होऊन तो वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी आला, मुसलमान झाला, आणि स्वतःच्या कर्तबगारीवर चढत 1471 मध्ये त्याच सुभेदारीवर बसला. पुढे सरदारांचे बळ आटोक्यात ठेवण्यासाठी गावानने प्रत्येक तर्फेचे, म्हणजे सुभ्याचे, दोन भाग केले, तेव्हा माहूर वेगळे निघून गाविल तेवढे याच्याकडे उरले.

पूर्णा नदीच्या काळ्याभोर खोऱ्यावर उत्तरेकडून नजर ठेवणारे दोन गड म्हणजे पश्चिमेस नरनाळा आणि पूर्वेस, आजच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. नरनाळ्याच्या दरवाजानंतर लगेच, 1488 मध्ये, फतहउल्लाने अहमदशहा बहमनीच्या वेळच्या गाविलगडाची डागडुजी करविली. तेथील दिल्ली दरवाजावर हत्तींना पकडणारा गंडभेरुंड कोरलेला आहे. विजयनगरच्या परंपरेतील हे चिन्ह पाहताना या सुभेदाराच्या जन्मभूमीची आठवण मला टाळता येत नाही. दोन्ही गडांची अशी सिद्धता झाल्यावर 1490 मध्ये, अहमदनगर आणि विजापूरच्या सरदारांप्रमाणे, त्याने बिदरचे जोखड झुगारले आणि अचलपूर राजधानी केली. 1504 मध्ये तो मरण पावला. घाईने उठलेल्या बंडखोरापेक्षा धीराने पाया घालणारा कारभारी म्हणूनच त्याला ओळखले पाहिजे, असे माझे मत आहे.

त्याच्यामागे अल्लाउद्दीन, दर्या आणि बुऱ्हाण हे इमादशहा झाले. अल्पवयीन बुऱ्हाणला वजीर तुफालखानाने याच नरनाळ्यावर नजरकैदेत ठेवून सत्ता बळकावली. बुऱ्हाणच्या सुटकेचे निमित्त करून अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने स्वारी केली, 1574 मध्ये गड घेतला, आणि वजिराबरोबर त्या सुलतानालाही कैद करून सारा वऱ्हाड आपल्या राज्यास जोडला.